लोकलच्या गर्दीत लॅपटॉप सांभाळणारी बॅग कशी निवडावी

प्रश्न थोडक्यात असा: रोज कल्याणहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी असा प्रवास. पाठीवर १५.६ इंची लॅपटॉप, चार्जर, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, छत्री. गेल्या पावसाळ्यात स्क्रीन फुटली, पण बॅग कुठे पडल्याचं किंवा आपटल्याचं आठवत नाही. आता ‘शॉकप्रूफ, वॉटरप्रूफ’ लिहिलेली जाडजूड बॅग घ्यावी का? अडीच हजारांत चांगली मिळेल का?

अडीच हजारांत चांगली बॅग नक्की मिळते. फक्त जाडी बघून घेऊ नका, आणि बॅगेवर काय लिहिलंय ते वाचून तर मुळीच घेऊ नका. माझा व्यवसाय लॅपटॉप दुरुस्तीचा. प्रवासात बिघडून आलेले लॅपटॉप उघडल्यावर जे दिसतं त्यावरून सांगतो: गर्दीत लॅपटॉप पडून कमी फुटतो, दाबून जास्त फुटतो. आणि पावसाचं पाणी बहुतेक वेळा पाठीच्या बाजूने किंवा चेनमधून शिरतं, कापडातून नाही. म्हणून बॅगेत सगळ्यात आधी बघायचा तो लॅपटॉपचा कप्पा. तो कुठे आहे, त्याच्या खाली काय आहे, त्याला चिकटून काय येणार आहे, हे पाहायचं. कापड, कंपनी, रंग, खिसे हे सगळं त्यानंतर.

तुमची स्क्रीन न आपटता फुटली यात नवल काहीच नाही. पॅनलमधली काच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून पातळ असते. हल्लीच्या पातळ लॅपटॉपचं झाकण तर अंगठ्याने दाबलं तरी लवतं. आता सकाळची फास्ट लोकल डोळ्यांसमोर आणा. डब्यात शिरताना आपण बॅग पाठीवरून काढून पुढे छातीवर घेतो. लॅपटॉपचा कप्पा पाठीकडच्या अंगाला असतो, म्हणजे आता तो छातीला टेकला. बाहेरच्या अंगाला छोटा कप्पा आणि त्यात चार्जर. समोरच्या माणसाची पाठ त्या चार्जरवर रेलते, चार्जर मधल्या कप्प्यातल्या डब्यावर रेलतो आणि डबा लॅपटॉपवर. पलीकडे आपल्या बरगड्या. ठाण्याला आणखी माणसं चढली की हा सगळा दाब चार्जरच्या किंवा डब्याच्या एका कोपऱ्यातून काचेवर येतो.

अशा पॅनलवर बोट फिरवलं तर वरून अगदी गुळगुळीत लागतं, ओरखडासुद्धा नसतो. लॅपटॉप चालू केला की मध्येच एके ठिकाणी शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसतो आणि तिथून चहूकडे गेलेल्या बारीक रेषा. पडून फुटलेल्या पॅनलची तऱ्हा वेगळी. तिथे तडा कोपऱ्यातून सुरू होतो आणि त्या कोपऱ्यावर बाहेरची चौकटही चेपलेली असते. तुमचं जुनं पॅनल अजून घरात असेल तर डाग कुठे आहे ते बघा. मध्यभागी असेल तर बॅगेतल्या सामानानेच ते फोडलं असं समजा.

म्हणून बॅग हातात घेतली की पहिली तपासणी मधल्या पडद्याची. लॅपटॉपचा कप्पा आणि बाकीचा मोठा कप्पा यांच्यामध्ये जो पडदा असतो तो चिमटीत धरा. नुसतं अस्तर आणि आत मऊ स्पंज असेल तर डब्याचा कोपरा त्याला सरळ दाबत जाईल. पडद्यात फोमबरोबर पातळ प्लॅस्टिकची शीट किंवा कडक फोमची पट्टी घातलेली असेल तर दाब एका बिंदूवर न राहता पसरतो. हाताला हा फरक लगेच कळतो. कडक पडदा वाकवला की पुन्हा सरळ होतो, मऊ पडदा तसाच दुमडून राहतो. लॅपटॉपचा कप्पा वेगळ्या चेनचा, पाठीला लागून, पूर्ण स्वतंत्र असेल तर फारच चांगलं. डबा आणि लॅपटॉप एकाच पोटात राहणारी बॅग कितीही देखणी असली तरी घेऊ नका.

दुसरी तपासणी तळाची. यात दुकानदारही फसतात, कारण वरून काही दिसत नाही. चांगल्या बॅगेत लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापर्यंत पोचत नाही, तीन-चार सेंटिमीटर वरच संपतो, म्हणजे लॅपटॉप आत लटकता राहतो. बॅग खाली ठेवली किंवा हातातून सुटली तरी फरशीचा धक्का थेट लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसत नाही. तपासायला एक हात कप्प्यात पार खालपर्यंत घाला आणि दुसरा बॅगेच्या तळाला बाहेरून लावा. दोन्ही हातांची बोटं कापडापलीकडून एकमेकांना लागली तर बॅग परत ठेवा. दुकानदार ओळखीचा असेल तर तुमचा लॅपटॉप आत ठेवून बॅग टेबलापासून दोन बोटं वर उचला आणि हळूच सोडा. ‘टक्’ असा कडक आवाज आला तर लॅपटॉप टेबलाला लागला. ‘धप्’ असा बोदा आवाज आला तर मध्ये काहीतरी आहे.

लॅपटॉपबरोबर मोफत मिळणाऱ्या बॅगांपैकी माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक याच परीक्षेत नापास होतात. त्यांत पाठीला आणि पट्ट्यांना भरपूर स्पंज असतो, तळाला मात्र एकेरी कापड. मोफत आहे म्हणून तिच्यातूनच पन्नास-साठ हजारांची वस्तू रोज न्यायची, हे मला खरंच पटत नाही.

१५.६ इंच हे माप स्क्रीनच्या कर्णाचं आहे, लॅपटॉपच्या अंगाचं नव्हे. आजचा साधा १५.६ इंची लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि २४ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. जुने, जाड किनारीचे ३८ पर्यंत जातात, गेमिंगवाले रुंदीलाही जास्त भरतात. १६ इंची नव्या मॉडेलची स्क्रीन उभट असल्याने त्यांना रुंदी जास्त लागते. म्हणून लेबल बघून घेऊ नका, लॅपटॉपच दुकानात घेऊन जा. चारी बाजूंनी बोटभर मोकळीक पुरे. फार सैल कप्प्यात लॅपटॉप आत हिंदकळतो आणि फार घट्ट कप्प्यात चेन झाकणाच्या कोपऱ्यावर घासते.

आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी लक्षात घेतं. पाठीवरच्या बॅगेत एवढा मोठा लॅपटॉप बहुधा उभा, म्हणजे छोट्या बाजूवर राहतो. त्या बाजूला यूएसबीची भोकं असतात, आणि माउसचा इवलासा रिसीव्हर त्यातच विसरलेला असतो. बॅग जरा जोरात टेकली की अख्ख्या लॅपटॉपचं वजन त्या रिसीव्हरवर. रिसीव्हर मोडला तर काही नाही, पण पोर्ट बोर्डापासून उखडला की काम वाढतं. प्रवासाआधी सगळं उपटून ठेवा आणि ज्या बाजूला पोर्ट कमी ती बाजू खाली करा. झाकण कोणत्या अंगाला, असंही विचारतात. माझ्या मते झाकण पाठीच्या गादीकडे आणि लॅपटॉपची खालची बाजू सामानाकडे. खालची बाजू जास्त कणखर असते, दाब यायचाच तर तिच्यावर येऊ दे. की-बोर्ड आणि स्क्रीन यांच्यामध्ये पेन, इअरफोनची वायर, कागदाची पिन असं काही राहिलं नाही ना, हे झाकण लावताना एकदा बघून घ्या.

फोमबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज जाडीचा. अंगठ्याने दाबून बघा. अंगठा आणि मागचं बोट जवळजवळ भेटले तर तो उघड्या पेशींचा, म्हणजे आतली छिद्रं एकमेकांना जोडलेली असलेला स्पंज. धक्का बसला की तो पूर्ण चपटा होतो, आणि पाणी लागलं की पिऊन घेतो. ईव्हीए (व्यायामाच्या चटयांत वापरतात ते रबरासारखं प्लॅस्टिक) किंवा पॉलिथिनचा बंद पेशींचा, म्हणजे सुट्या बंद छिद्रांचा फोम दाबायला थोडा जड जातो, सोडला की परत येतो आणि पाणी पीत नाही. असा सहा-सात मिलिमीटर फोम दीड सेंटिमीटर स्पंजापेक्षा जास्त कामाचा. ‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांवर जाऊ नका. मिल-एसटीडी-८१० नावाचं अमेरिकी लष्करी मानक खरं आहे. त्यात वस्तू सुमारे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा वेगवेगळ्या बाजूंवर पाडून बघायची एक चाचणीही आहे. पण त्या मानकात अशा कितीतरी चाचण्या आहेत आणि त्यातल्या कोणत्या करायच्या ते वस्तू बनवणारा ठरवतो. कुठली चाचणी, किती उंचीवरून, हे बॅगेवर लिहिलेलं नसेल तर त्या शब्दांना काही किंमत नाही.

आता पाऊस. कापडाच्या बाबतीत डेनियर हा आकडा सांगतात. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. रोजच्या वापराला ६०० डेनियरचं पॉलिएस्टर पुरतं. पाणी मात्र धागा अडवत नाही, आतल्या बाजूचा पीयूचा (पॉलियुरेथिन या प्लॅस्टिकचा) लेप अडवतो. बॅग उलटी करून आतलं कापड बघा, लेप एकसारखा हवा. काही वर्षांनी तो चिकट होतो किंवा पापुद्रे सुटून पांढरा भुगा पडू लागतो. तसं झालं की ती बॅग पावसात चाळणीसारखी गळते, बाहेरून कितीही नवी दिसली तरी.

पण लेप धड असतानाही पाणी आत येतं. एक वाट शिवणीतली. सुई जिथे जिथे गेली तिथे भोक आहे. दुसरी वाट चेनची, आणि हीच मोठी. दोन रनर वर मधोमध आणून मिटायची सवय असते, नेमकं तिथेच छत्रीवरून ओघळणारं पाणी पडतं. दोन्ही रनर एका बाजूला, खालच्या अंगाला नेऊन बंद करत जा. चेनवर कापडाची झडप असलेली बॅग मिळाली तर ती घ्या.

तिसरी वाट सर्वांत फसवी आहे. आपण रेनकव्हर चढवतो आणि निर्धास्त होतो. रेनकव्हर बॅगेच्या पुढून, वरून, खालून बसतं. पाठीकडची बाजू उघडीच राहते, कारण तिथे पट्टे आहेत. छत्री असली तरी मानेवरून, खांद्यांवरून पाणी पाठीवर उतरतं आणि पाठीच्या गादीत जिरतं. त्या गादीच्या आत लगेच काय आहे? लॅपटॉपचा कप्पा. रेनकोट घालून त्यावर बॅग अडकवणाऱ्यांचं तर जास्तच, रेनकोटवरचं सगळं पाणी सरळ गादीत. शिवाय रेनकव्हरच्या तळात पाणी साठलं तर बॅग त्या डबक्यात बसून राहते. तळाला पाणी जायला छोटं भोक असलेलं कव्हर निवडा.

यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लॅपटॉप जाड, चांगल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड दोनदा दुमडून मगच कप्प्यात ठेवा. ऑफिसात पोचल्यावर लगेच बाहेर काढा. ‘वॉटरप्रूफ’ बॅगेवर दोन हजार जास्त घालण्यापेक्षा याची मला जास्त खात्री वाटते. खरोखर जलरोधक बॅगा असतात. त्यांचे जोड शिवलेले नसून वितळवून चिकटवलेले असतात आणि तोंड गुंडाळून बंद होतं. मोटारसायकलवरून भर पावसात लांब जाणाऱ्याने ती जरूर घ्यावी. लोकलमध्ये मात्र ती दर वेळी उघडणं-मिटणं जिवावर येतं, आणि त्यातल्या बऱ्याच बॅगांत लॅपटॉपला धड कप्पाही नसतो.

पाऊस नसतानाही बॅगेत पाणी असतं, ते म्हणजे बाटली आणि डबा. बाटली कायम बाहेरच्या जाळीच्या खिशात. दुसऱ्या बाजूच्या जाळीत ओली छत्री. दोन्ही खिसे खोल आणि इलॅस्टिक घट्ट असलेली बॅग बघा, नाहीतर गर्दीत बाटली निघून जाते. डबा मोठ्या कप्प्याच्या तळाला, आडवा, वेगळ्या पिशवीत. साध्या पाण्यापेक्षा आमटी-रस्सा कितीतरी वाईट. त्यात मीठ असतं, आणि पाणी वाळलं तरी मीठ बोर्डावर राहून तांब्याला हिरवट बुरशीसारखा गंज चढवत बसतं. रस्सा सांडलाच तर ‘चालतोय का बघू’ म्हणून लॅपटॉप चालू करू नका. चार्जर लावू नका, बंद असेल तसाच दुरुस्तीला न्या.

चार्जर पुढच्या खिशात ठेवायचा नाही. डब्याशेजारी खाली, तळाला, लॅपटॉपच्या मध्यापासून शक्य तितका दूर. तुमच्या फुटलेल्या स्क्रीनचा मुख्य संशयित मला तरी तोच वाटतो.

घाटकोपरला मेट्रोत शिरताना बॅग एक्स-रे यंत्रात जाते, तोही विचार करा. पट्ट्यावरून पलीकडच्या उतरत्या रुळांवर बॅग घसरत येते आणि मागून दुसऱ्यांच्या बॅगा येऊन आदळतात. बॅग पाठीची बाजू खाली करून आडवी ठेवा, बाटली काढून हातात घ्या आणि पलीकडे पटकन जाऊन उचला. उभी ठेवलेली बॅग त्या उतारावर तोंडावर पडते.

चेनचं आणि पट्ट्यांचं थोडक्यात. रनरच्या मागच्या बाजूला बहुधा आकडा कोरलेला असतो. मोठ्या कप्प्यांना ८ किंवा १० हवा, ५ चालतो तो छोट्या खिशांना. वायकेके ही जपानी कंपनी चेनमध्ये भरवशाची आहे. तिचं नाव रनरवर दिसलं तर बॅग बनवणाऱ्याने बाकी ठिकाणीही फार काटकसर केली नसावी, असा माझा अनुभव. खांद्याचे पट्टे बॅगेला जिथे जोडलेत तिथे आतून बघा. दुहेरी शिवण आणि त्यावर आडवे दाट टाके हवेत. वरचं हँडलही तसंच, कारण गर्दीत बॅग ओढली जाते ती हँडलने. छातीवरचा छोटा पट्टा असेल तर चांगलं, नसला तरी अडत नाही.

वजनाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. लॅपटॉप पावणेदोन ते दोन किलो, भरलेली बाटली एक किलोच्या वर, डबा, चार्जर आणि बॅग स्वतः. सहज साडेपाच-सहा किलो होतात. शाळकरी मुलांसाठी केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असं म्हटलं आहे. तोच हिशेब साठ किलोच्या मोठ्या माणसाला लावला तर मर्यादा सहा किलोच येते. म्हणून कडक कवचाच्या बॅगा मी सरसकट सुचवत नाही. दाबापासून त्या उत्तम वाचवतात, पण बऱ्याचशा दीड किलोच्या आसपास भरतात आणि गर्दीत शेजाऱ्यालाही टोचतात. तुमचं सामान कमी असतं, डबा नसता, तर कदाचित तीच घ्या म्हटलं असतं. यूएसबीचं बाहेर काढलेलं भोक, नंबरचं कुलूप यांसाठी जास्त पैसे देऊ नका. ते भोक म्हणजे नुसती वायर, पॉवर बँक आपलीच घालावी लागते. पाठीकडून उघडणारी लपवलेली चेन मात्र गर्दीत खरंच उपयोगी आहे.

बॅगेत घालण्याआधी लॅपटॉप बंद करा, नुसता मिटू नका. हल्लीचे अनेक विंडोज लॅपटॉप मिटल्यावरही अर्धवट जागे राहतात, अपडेटसाठी मधूनच उठतात. फोमने वेढलेल्या कप्प्यात ती उष्णता जाणार कुठे? अंधेरीला पोचल्यावर लॅपटॉप गरम आणि बॅटरी निम्मी झालेली असेल तर कारण हेच. असं रोज होत राहिलं की बॅटरी लवकर खराब होते, फुगूही शकते. जितकी जाड गादी, तितकी ही अडचण मोठी.

पैशांची वाटणी मी अशी करीन: अठराशे ते दोन हजारांची स्वतंत्र कप्प्याची, लटकत्या तळाची बॅग, आणि उरलेल्यात रेनकव्हर व लॅपटॉपसाठी पातळ ईव्हीए स्लीव्ह (गादीदार पाकीट). ऑनलाइन घ्यायची तर परत करण्याची मुदत बघून घ्या आणि आल्या दिवशीच वर सांगितलेली हाताने करायची तपासणी करा. क्रॉफर्ड मार्केटला किंवा धारावीतल्या बॅगांच्या दुकानांत जाऊन हात लावून घेतली तर जास्त बरं. धारावीत बॅगा शिवणारेच विकायला असतात, तळाला पट्टी घालून द्या म्हटलं तर ऐकतात.

आत्ता लगेच खर्च करायचा नसेल तर जुन्या बॅगेवरही काम होतं, तिचा लेप आणि शिवण शाबूत असेल तर. स्टेशनजवळ चेन-रनर बसवणारे असतात, त्यांच्याकडे बॅग न्या. व्यायामाच्या जुन्या ईव्हीए चटईचे तुकडे एकावर एक चिकटवून तीन सेंटिमीटर जाडीची, कप्प्याच्या रुंदीची पट्टी करा आणि ती लॅपटॉपच्या कप्प्याच्या तळाला शिवून घ्या. आधी लॅपटॉप आणि पट्टी दोन्ही ठेवून चेन लागते का तेवढं बघा. उंची कमी पडत असेल तर पट्टी दोन सेंटिमीटरची करा. मधल्या पडद्यात घालायला फाइलचं जाड प्लॅस्टिकचं पुठ्ठं चालतं. त्याचे कोपरे कात्रीने गोल करून घ्या, नाहीतर महिन्याभरात अस्तर फाडून ते बाहेर येईल.